वैलावरचा टँगो

भागोजीला शब्द सुचायचे, चाल सुचायची नाही. वरच्या वाडीत हे दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आमच्याकडे दुखणं चारचौघांना कळलं की त्यावर औषध कमी आणि चौकशीच जास्त होते. गुरं घेऊन कातळावर निघालेला माणूससुद्धा बांधावरून ओरडायचा, "काय शाहीर, चाल बसली काय?" भागोजी म्हणायचा, "बसतेय, बसतेय." मग घरी येऊन पडवीत आपणच बसायचा.

पालीच्या बाजारातून आत वळलं की दोन घाट्या उतरून हे गाव लागतं. वाड्या दोनच, एक वरची आणि एक खालची. भाद्रपदात गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात दोन्ही वाड्यांची बारी लागायची. बारी म्हणजे जाखडीचा सामना. पायात चाळ बांधलेले गडी गोल धरून नाचणार, मधे शाहीर आणि ढोलकीवाला बसणार. शाहिरीच्या दोन पक्षांपैकी वरची वाडी शक्तीची, खालची तुऱ्याची. एकाने पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत जबाब द्यायचा. जिंकेल त्याने मानाचा डफ घरी न्यायचा.

हा डफ भागोजीच्या बापाचा. म्हातारा मोठा शाहीर होता. नांगरामागे चालता चालता चाल बांधायचा आणि बैलांना ऐकवून बघायचा. तो गेल्यावर दोन्ही वाड्यांनी त्याच्या आठवणीसाठी हा डफ पैजेला लावला. तेव्हा भागोजीला वाटलं, डफ कुठे जातोय, आपल्याच घरी राहील. पहिल्याच वर्षी तो खालच्या वाडीच्या रावजीकडे गेला, आणि तिथेच खुंटीवर रमला. गेल्या साली हरल्यावर भागोजी भर देवळात बोलून बसला, "फुडल्या साली डफ घरी नाय आनला तर शाहिरी सोडीन." बोलल्यावर कोणी तरी "असं नको रे" म्हणेल म्हणून तो जरा थांबला होता. कोणी म्हणालं नाही.

अडचण होती ती पंचांच्या नियमाची. पंच म्हणजे मालगुंडचे अण्णा गुरुजी, गावच्या शाळेत सगळी नोकरी काढून निवृत्त झालेले. मागे एका वर्षी दोन्ही वाड्यांनी एकाच सिनेमाची एकच चाल उचलली होती. सीतेच्या सवालात बायका मधेच नटीची ओळ गायला लागल्या, तेव्हा गुरुजींनी काठी आपटून जाहीर केलं होतं की यापुढे चाल स्वतःची हवी, उचललेली निघाली की बारी हरली. रावजीला याचा त्रास नव्हता. त्याची एकच चाल होती, दर वर्षी तो ती उलटीसुलटी करायचा. भागोजी मात्र आठ-आठ दिवस घोकून चाल बांधायचा, आणि ती गायला लागला की गंगुबाईसारखी एखादी म्हातारी म्हणायची, "ही तुज्या बापाची रे. माज्या लग्नात गायला होता."

ही गोष्ट शहाऐंशी सालची. त्या वर्षी आषाढात भागोजीचा भाचा सदू रजा संपवून बोटीवर परत निघाला. त्याला पोचवायला भागोजी पालीच्या स्टँडवर गेला. एस.टी. अर्थातच आली नव्हती. सदूने पिशवीतून एक टेपरेकॉर्डर काढला, म्हणाला, "मामा, हा तुमी ठेवा. मी आता डबल कॅसेटचा घेनार." वर एक कॅसेट दिली.

"कसली रं?"

"टँगो. अर्जेंटिनाच्या बंदरातली. तिकडची जाखडीच समजा."

एस.टी. येईपर्यंत वेळच वेळ होता म्हणून सदूने सगळी हकिगत सांगितली. पोटासाठी देश सोडून आलेली माणसं त्या बंदराच्या वस्तीत एकत्र झाली, त्यांच्या नाचगाण्यातून हा टँगो निघाला. आधी बऱ्या घरच्यांनी नाकं मुरडली, मग तेच तो नाचायला लागले. त्यात एक वाद्य असतं, पेटीसारखं, पण दोन्ही हातांनी ओढायचं. ते जर्मनीत केलं देवळात भजनं वाजवायला आणि रमलं जाऊन बंदरातल्या दारूच्या गुत्त्यात. हे ऐकून भागोजीला ते वाद्य एकदम जवळचं वाटलं. पुढे पियाझोला नावाचा एक बुवा आला. तो पॅरिसला एका मोठ्या गुरूबाईकडे शिकायला गेला, मोठमोठ्या रचना दाखवायला लागला. बाई म्हणाल्या, हे सगळं ठीक आहे, पण यात तू कुठे आहेस? मग त्याने लाजत लाजत आपला टँगो वाजवला. बाई म्हणाल्या, हा तू. तेव्हापासून त्याने टँगोची मोडतोड करून नवाच टँगो केला. जुनी माणसं खवळली. म्हणाली, याच्यावर नाचता येत नाही, हा टँगोच नव्हे.

"मंग तुला कॅसेट कोनी दिली?"

"तितल्या खानावळीच्या म्हाताऱ्यानं. जुन्या टँगोचा भक्त. पोरानं ही घरात आनली म्हनून पेटला होता. आमच्या बोटीचा कुक गोव्याचा, त्याला त्यांची भाषा थोडी कळते. म्हातारा म्हनाला, ही घेऊन जावा, जितकी लांब नेता येईल तितकी लांब न्या. मी पालीपर्यंत आनली."

एस.टी. आली, सदू गेला, आणि भागोजी टेप काखेत मारून घाटी उतरू लागला. त्याच्या डोक्यात एकच विचार होता. सिनेमाची चाल गावाला कळते. पण सातासमुद्रापलीकडची, जी तिकडच्या माणसांनीच घराबाहेर काढली आहे, ती कोण ओळखणार? चोरी ती चोरीच, हे त्याला कळत होतं. पण डफ रावजीच्या खुंटीवर होता, हेही कळत होतं.

सदूने रजाभर त्या टेपवर सिनेमाची गाणी वाजवून सेल पार दमवले होते. वाडीत याआधी टेप नव्हता, पण रेडिओचा अनुभव होता. सेल उतरले की रेडिओचा आवाज बारीक होतो. मग सेल काढून उन्हात ठेवायचे, ऊब लागली की गाडी थोडी पुढे जाते. श्रावणात ऊन आणायचं कुठून? म्हणून भागोजीने ते हौसाच्या हवाली केले. हौसा म्हणजे त्याची बायको. चुलीच्या बाजूला जे दुसरं तोंड असतं, ज्याला वैल म्हणतात, त्याच्या कडेला तिने सेल रांगेने मांडले. भाकऱ्या झाल्या की सेलांना हात लावून बघून ती ओरडायची, "अवो शाहीर, शेकले! न्या तुमचे."

ऊनऊन सेल टेपात जायचे, बटण दाबलं जायचं आणि टँगो उठायचा तो ताठ, ठसक्यात, टाचा आपटत. पहिलं कडवं झालं की जरा मंद व्हायचा. दुसऱ्याला पाय ओढायला लागायचा, सूरही खाली यायचा. शेवटी शेवटी तर ते पेटीसारखं वाद्य असं काही कण्हायचं की हौसा आतून विचारायची, "कोन गेला?" आणि मग सगळं थांबायचं. भागोजी सेल पुन्हा वैलावर द्यायचा, पेन्सिल घालून रीळ मागे फिरवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. रोज ठसक्यात सुरुवात आणि रोज कण्हत शेवट. चाल मंद होते ती सेल उतरल्यामुळे, अशी शंका कुणाला आली नाही, कारण आवाज काही बारीक झाला नव्हता.

ढोलकीवाला धोंडू मात्र तालमीत वैतागला. "शाहीर, ठोका बघा. तीन, तीन नि दोन. आठच मात्रा हायत आपल्या केरव्याच्या, पन कुटं पडतील ते सांगून येत नाय. आनि त्याच्यावर लय उतरती? भजन घ्या, जाखडी घ्या, लय चढते. उतरत्या लयीनं काय नाचायचा?"

"तेच तर त्या पियाझोला बुवाला म्हातारे म्हनले," भागोजी म्हणाला. "याच्यावर नाचता येत नाय. ह्येच त्यानं नवीन केलान."

नवीन म्हटल्यावर धोंडूने ढोलकी पुन्हा मांडीवर ओढली. त्याने महिनाभर घाम गाळला आणि ढोलकीची लय अशी उतरवायला शिकला की ऐकणाऱ्याला कळू नये कुठे उतरली. नाचे गडी आधी एकमेकांवर आपटले, मग सावरले. शेवटच्या कडव्याला पाऊल इतकं हळू पडायचं की गडी एका पायावर उभे राहून दुसरा कधी टेकायचा याची वाट बघायचे. भागोजीने त्यावर शब्द बसवले. शब्द त्याचे स्वतःचे होते, तेवढं समाधान.

बारीच्या दिवशी देऊळ भरलं. अण्णा गुरुजी खुर्चीत बसले, काठी मांडीवर आडवी. रावजी आपली लांबलचक बॅटरी घेऊन आला होता. भर दुपारी बॅटरी कशाला, हे त्याला कोणी विचारत नसे. मुंबईच्या भावाने पाठवलेली ती वस्तू तो लग्नाला आणि मयताला सारखीच न्यायचा. डफ त्याच्या मांडीशी होता.

भागोजीने तोंड उघडलं आणि सवाल निघाला:

"सांग रे तुरेवाल्या, दर्या खारट झाला कसा?
गोड नद्या पोटात घेऊन कडू त्याचा घसा!"

चाळ खणखणले, टाचा पडल्या, तीन, तीन, दोन. पहिलं कडवं ठसक्यात गेलं. दुसऱ्याला लय वाकली. तिसऱ्याला भागोजीचा सूर असा खाली खाली गेला की जणू तो गातागाता समुद्रातच उतरतो आहे. चाळ एकेक करून थांबले. गंगुबाईने डोळ्यांना पदर लावला. मागाहून विचारलं तर म्हणाली, गेल्या साली मेलेल्या रेड्याची आठवण झाली. पण पदर लावला हे खरं.

आता रावजीची पाळी. जबाब त्याला येत होता. अगस्ती ऋषींनी समुद्र पिऊन परत सोडला, म्हणून खारट. गुरुजींनी मान डोलावली. पण जबाब त्याच चालीत द्यायचा होता. त्याच्या ढोलकीवाल्याचा हात जन्मभर चढत्या लयीचा. रावजी सूर खाली ओढतोय आणि ढोलकी त्याला वर पळवतेय. दुसऱ्या कडव्यात शाहीर समुद्राच्या तळाशी आणि गडी घाटमाथ्यावर अशी परिस्थिती झाली. गोल सुटला, एकाचा पाय दुसऱ्याच्या धोतरात गेला, आणि तुऱ्याचे चार गडी एकदम जाऊन खांबाला लागले. खालच्या वाडीच्या बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या.

रावजी उठला तो लालेलाल होऊन. "गुरुजी, ही चाल ह्येची न्हवं! ह्येच्या घरात टेप हाय. विलायती कॅसेट वाजवतो रोज. सगळ्या पाणवठ्याला ठाव हाय, बायको सेल भाजते म्हनून!"

सभा वळून हौसाकडे बघायला लागली. गुरुजींनी काठी आपटली. "भागोजी, टेप आहे घरात?"

"हाय," भागोजी म्हणाला.

"आणा. ऐकून ठरवू."

हौसा टेप आणायला गेली. घर जवळच होतं, पण ती एवढा वेळ लावून आली की वाटेत कुठे शेत लावून आली की काय असं वाटावं. टेप गुरुजींच्या पुढ्यात ठेवला. रावजीने झाकण उघडून बघितलं. आत रिकामं.

"सेल?"

"वैलावर," हौसा शांतपणे म्हणाली. "वलं लाकूड हाय, शेकायला उशीर लागंल."

तिने ते मुद्दामच घरी कोनाड्यात ठेवले होते. सेल नाहीत तर गाणं नाही, गाणं नाही तर चोरी नाही, असा तिचा सरळ हिशोब. भागोजीला तिचा असा उमाळा आला की त्याने मान खाली घातली. पण रावजी कसला थांबतो? त्याने आपल्या लांब बॅटरीचं बूड फिरवलं, सेल तळहातावर ओतले. "ह्ये घ्या. कालच पालीहून आनलेत. कोरे!" आणि आपल्याच हाताने ते टेपात बसवून बटण दाबलं.

टँगो सुटला. भागोजी दचकला. ही कोण बया? ठसका तोच, पण ही चालत नव्हती, धावत होती. पहिलं कडवं सरलं, आता मंद होईल म्हणून तो वाट बघत राहिला, ती मंद झाली नाही. दुसरं सरलं, पाय ओढला नाही. सूर वरचा वरच. व्हायोलिनं अशी काही भांडत होती की गुरुजींनी काठी घट्ट धरली. ती कण्हलीच नाही. होती तशी भरधाव येऊन एका झटक्यात थांबली.

देवळात सगळे एकमेकांकडे बघू लागले. एकट्या धोंडूने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, कारण तीन-तीन-दोन ऐकून बोटं आपोआप चालायला लागली होती.

"ही?" गुरुजींनी रावजीला विचारलं. "ही आणि भागोजीची एक?"

"एकच की! म्हंजे... व्हती एकच..." रावजी टेपाकडे असा बघू लागला की जणू त्याने साक्ष फिरवली.

इथे गप्प बसला असता तर भागोजीचं काही जाणार नव्हतं. हौसाने त्याच्या पायावर पाय दिलासुद्धा. पण त्याला समोर तो डफ दिसत होता. बापाने या डफावर उष्टी चाल कधी वाजवली नव्हती. तो उठला आणि हात जोडून म्हणाला, "गुरुजी, रावजी खोटा नाय बोलत. हीच ती चाल. मी हिच्यावरनंच घेतली."

सभा हसली. आधी थोडी, मग सगळीच. "शाहीर, पुरे आता!" कोणी तरी ओरडलं. लोकांना वाटलं, जिंकल्यावर रावजीची फिरकी घेतोय.

"खरंच सांगतो! देवाशप्पत!"

"मग गा तिच्याबरोबर," गुरुजी म्हणाले. "एक असतील तर जुळतील."

पेन्सिलीची गरज नव्हती. कोऱ्या सेलांनी रीळ सरसर मागे गेलं. टँगो पुन्हा सुटला आणि भागोजी आपली चोरी सिद्ध करायला प्राणपणाने गायला लागला. पहिल्या ओळीला टेप पुढे गेला. दुसऱ्या ओळीला दिसेनासा झाला. भागोजी लय वाढवायला गेला, पण महिनाभर उतरवायचीच सवय, गळा आपणहून खाली यायला लागला. टँगो संपून कॅसेट नुसती खरखरत होती तरी भागोजी समुद्रात उतरतच होता, डोळे मिटून, अगदी तळाशी जाऊन त्याने शेवटचा सूर ठेवला. डोळे उघडले तेव्हा कोणी हसत नव्हतं.

"आणखी कोणाला काही म्हणायचंय?" गुरुजींनी गंगुबाईकडे बघितलं. "तुम्ही सांगा. याच्या बापाची आहे का ही?"

गंगुबाईने बराच विचार केला. "नाय," ती म्हणाली. "बापाची न्हवं. असली रडकी चाल त्याला नस्ती सुचली. ही ह्येचीच."

बाईच्या त्या एका वाक्यावर भागोजी मटकन खाली बसला. जन्मभर त्याला हेच कोणी तरी म्हणायला हवं होतं, आणि ते म्हटलं गेलं तेव्हा ऐकायला अंगात बळ उरलं नाही. गुरुजींनी डफ त्याच्या मांडीवर ठेवला. भागोजीने त्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

रावजी तावातावाने निघून गेला. इतक्या तावात की सेल न्यायला विसरला.

संध्याकाळी भागोजी डफ बापाच्या जुन्या खुंटीवर टांगून चुलीपाशी येऊन बसला. टेप लावला. कोऱ्या सेलांवर टँगो भरधाव गेला. चांगला होता, पण परका होता. "हौसा," तो म्हणाला, "ती चाल माजी म्हनतात. पन माला अजून समजत नाय, मी ती केली कंदी?"

हौसाने टेपाचं झाकण उघडलं, रावजीचे कोरे सेल काढून फळीवर ठेवून दिले, कंदिलाला तेल नसलं तर बॅटरीला होतील म्हणून. मग कोनाड्यातून ते जुने सेल काढले, पदराने पुसले आणि वैलाच्या कडेला रांगेने मांडले.

"आता कशाला शेकतेस?"

"कशाला म्हंजे?" ती म्हणाली. "फुडल्या सालची चाल नको बांधायला?"